दहा जोड्यांचा तक्ता : आशियाची सुरक्षा वाचायची कशी

आशियात दोन देशांचं बिनसलं की बातमी त्या दोघांचीच येते. परीक्षेतही प्रश्न तसाच पडतो: 'भारत-चीन संबंधांची चर्चा करा.' मुलं थोडं भारताबद्दल लिहितात, थोडं चीनबद्दल लिहितात आणि पेन खाली ठेवतात. मी सोलापुरात राज्यशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांबरोबर अभ्यासिकेत बसते. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा अशा ठिकाणांहून आलेली, खोली करून राहणारी ही मुलं. त्यांना मी सुरुवातीलाच एक सवय लावते. भांडण दोघांचं असलं तरी आधी बाकीच्या मोठ्या सत्तांकडे बघायचं. त्या महिन्यात त्या एकमेकींशी कशा वागत होत्या? आशियात कोण निर्धास्त राहिलं आणि कोणाला धास्ती पडली, हे बहुतेक वेळा तिथेच ठरलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. हा प्रश्न कागदावर कसा उतरवायचा ते इथे सांगते.

कागद कसा आखायचा

एक फुलस्केप कागद आडवा धरा. पट्टी, शिसपेन्सिल, खोडरबर आणि शाळेचा नकाशासंग्रह एवढं पुरतं. पेननं लिहू नका, कारण यातलं बरंच काही पुढे खोडावं लागणार आहे.

पाच नावं घ्या: अमेरिका, रशिया (१९९१ च्या आधीचं वर्ष असेल तर सोव्हिएत संघ), चीन, जपान, भारत. प्रत्येकाची उरलेल्या चौघांशी जोडी लावली की दहा जोड्या होतात. त्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा.

अमेरिका आशियात कुठे आहे, असं कोणीतरी विचारतंच. नकाशात नाही, पण करारांत आहे. १९५१ साली अमेरिकेनं फिलिपिन्सशी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि जपानशी संरक्षणाचे करार केले, १९५३ साली दक्षिण कोरियाशी केला. जपान आणि दक्षिण कोरियात तिचं सैन्य आजही आहे. तिला वगळून आशियाचा हिशेब लागत नाही.

आता पाच रकाने. पहिल्यात लेखी करार. दुसऱ्यात शस्त्रं कोण कोणाला देतं. तिसऱ्यात व्यापार आणि तेल. चौथ्यात सीमेचा किंवा समुद्राचा वाद. पाचव्यात बोलणं चालू आहे का, म्हणजे राजदूत जागेवर आहेत का, नेते भेटतात का. प्रत्येक नोंदीला तारीख हवी. निदान महिना आणि साल तरी.

एक नियम मी फार कडकपणे पाळायला लावते. कुठल्याही रकान्यात 'मित्र', 'शत्रू', 'विश्वासघात' हे शब्द लिहायचे नाहीत. ते टीव्हीवरच्या चर्चेत ऐकून मुलांच्या तोंडी बसलेले असतात आणि एकदा लिहिले की विचार तिथेच थांबतो. 'रशिया आपला जुना मित्र' या वाक्यातून काहीच कळत नाही. 'ऑक्टोबर २०१८, एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणेचा करार, ५.४३ अब्ज डॉलर' या नोंदीतून पुष्कळ कळतं.

१९६२ वर हात बसवा

पहिला सराव छोटा घ्या. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं भारतावर हल्ला केला. आता त्याच महिन्याची अमेरिका-सोव्हिएत जोडी भरा. १६ ते २८ ऑक्टोबर, सोव्हिएत संघानं क्यूबात ठेवलेल्या क्षेपणास्त्रांचा पेच. दोन्ही महासत्ता अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर. मॉस्कोला त्या दिवसांत चीनला दुखवणं परवडणारं नव्हतं. २५ ऑक्टोबरच्या 'प्रावदा'तला, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रातला, अग्रलेख चीनच्या बाजूनं झुकला होता. क्यूबाचा पेच सुटला, तसा नोव्हेंबरात मॉस्कोचा सूर बदलला. अमेरिकेची आणि ब्रिटनची शस्त्रं भारतात येऊ लागली आणि २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले ते याच नोव्हेंबरात. पण त्या महिन्यात मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये काय चाललं होतं, ते विचारलं की वर्ग गप्प होतो.

इथे सांभाळा. क्यूबामुळे चीननं हल्ला केला, असं लिहू नका. हल्ल्याची कारणं हिमालयातली होती: अक्साई चीनमधून काढलेला रस्ता, १९५९ चा तिबेटमधला उठाव, दलाई लामांचं भारतात येणं, सीमेवरच्या चौक्या. तक्ता कारण सांगत नाही. कोणाचे हात मोकळे होते आणि कोणाचे बांधलेले, एवढंच तो सांगतो. हा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं.

१९७१ मात्र सावकाश भरा

या एका वर्षाला मी पूर्ण दोन संध्याकाळी देते, कारण दहाच्या दहा जोड्या इतक्या स्पष्ट दिसणारं दुसरं वर्ष मला सापडलेलं नाही.

सुरुवात सोव्हिएत-चीन जोडीपासून करा. १९५० साली दोघांत मैत्रीचा करार झाला होता आणि तो कागदोपत्री अजून जिवंत होता. पण मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावर दोघांच्या सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. चिनी त्याला झेनबाओ म्हणतात, रशियन दामान्स्की. नकाशासंग्रहात व्लादिवोस्तोकच्या उत्तरेला उसुरी नदी शोधा. एवढ्याशा बेटावरून दोन साम्यवादी देश युद्धाच्या काठावर आले. पहिल्या रकान्यात करार आणि चौथ्यात गोळीबार, अशी विसंगत नोंद झाली की त्या जोडीखाली रेघ मारा. बदल बहुतेक अशाच ठिकाणाहून सुरू होतो.

इथेही तसंच झालं. उत्तरेकडून धास्तावलेल्या चीनला दुसरा आधार हवा होता. अमेरिकेला व्हिएतनाममधून बाहेर पडायचं होतं आणि मॉस्कोवर दाब हवा होता. १९४९ पासून या दोघांचे राजनैतिक संबंधच नव्हते. मग निरोप कोणी पोचवायचा? पाकिस्ताननं. जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर इस्लामाबादला आले, पोट बिघडल्याचं कारण पुढे करून लोकांच्या नजरेआड झाले आणि ९ जुलैला गुपचूप पेकिंगला (आजचं बीजिंग) पोचले. १५ जुलैला राष्ट्राध्यक्ष निक्सननी जगाला सांगितलं, मी चीनला जाणार आहे.

आता त्याच महिन्यांत पूर्व बंगालमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात (आजचा बांगलादेश), काय चाललं होतं ते आठवा. २५ मार्चपासून पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान याच्या सैन्यानं कत्तल मांडली होती आणि लाखो निर्वासित भारतात येत होते. वॉशिंग्टन याह्या खानला आवर घालत नव्हतं. त्यामागची गणितं एकाहून जास्त होती, पण पेकिंगचा दरवाजा त्याच्यामार्फत उघडत होता, हे त्यातलं मोठं गणित. ढाक्यातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न अमेरिका-चीन या तिसऱ्याच जोडीत अडकला होता. हे शिकवताना मला आजही राग येतो आणि तो मी मुलांपासून लपवत नाही.

भारतापुढे तेव्हा कोणता रस्ता होता? तक्त्यावर बोट फिरवा. भारत-चीन: १९६२ पासून राजदूत नाहीत. भारत-अमेरिका: दुरावा. चीन-पाकिस्तान-अमेरिका एका रेषेत येताहेत. उरली भारत-सोव्हिएत जोडी. ९ ऑगस्ट १९७१ ला दिल्लीत स्वर्णसिंग आणि ग्रोमिको या दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी वीस वर्षांच्या करारावर सह्या केल्या. त्यातलं नववं कलम मुलांकडून मी मोठ्यानं वाचून घेते: दोघांपैकी कोणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला, तर दोघं लगेच सल्लामसलत करतील. सैन्य पाठवू, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तरी त्या कलमाचं वजन पडलं, कारण चीनच्या उत्तर सीमेवर सोव्हिएत फौजा आधीच उभ्या होत्या.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरून रोखले. चीनला ऑक्टोबरातच संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली होती, त्यामुळे परिषदेत तोही समोर बसला होता. अमेरिकेनं 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, मागोमाग सोव्हिएत नौका आल्या. चीन सीमेवर हलला नाही; खिंडी बर्फानं भरल्या होत्या आणि पाठीमागे उसुरी होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

जपानची जोडी मुलं इथे मोकळी सोडतात. सोडू नका. निक्सनच्या घोषणेची कल्पना टोकियोला अगदी शेवटच्या घटकेला मिळाली. आपल्याला न विचारता अमेरिका चीनशी बोलू शकते, हे जपाननं पाहिलं आणि सप्टेंबर १९७२ मध्ये स्वतःच चीनशी संबंध जोडून टाकले. एक जोडी हलली की दुसरी कशी हलते, ते बघायला ही नोंद मोलाची आहे.

भरून झालं की तक्त्याच्या तळाशी चार ओळी मोकळ्या ठेवा आणि तिथे लिहा: मुक्तिवाहिनी, पूर्व बंगालची जनता, भारतीय सैन्य. मोठ्या सत्तांच्या जोड्यांनी जागा करून दिली. लढले ते हे. पाच नावांचा तक्ता बघता बघता बाकीची माणसं नजरेआड होतात, म्हणून या ओळी मी कधी गाळू देत नाही.

कोटणीसांचं पान वेगळं

सोलापूरच्या मुलांना भारत-चीन जोडी भरताना एक अडचण हमखास येते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. गावात त्यांचं स्मारक आहे. मुलांना हे तक्त्यात घालायचं असतं आणि त्यामागची भावना मला समजते. माझाही ऊर भरून येतो.

पण तक्ता १९३८ चा असेल तरच ती नोंद बसते, आणि तीही जपान-चीन जोडीच्या शेजारी. १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं आणि चीनच्या बाजूनं उभं राहावं म्हणून हे पथक गेलं. कोटणीसांना जाऊन वीस वर्षं होतात न होतात तोच भारत आणि चीन लढत होते. त्यामुळे त्यांचं काम कणभरही कमी होत नाही. माणसानं माणसासाठी काय केलं, याची ती नोंद आहे. राज्यांनी एकमेकांना काय हमी दिली, याची नाही. म्हणून एक वेगळं पान घ्या, त्यावर हे लिहा आणि ते जपून ठेवा.

एकच शस्त्र, दोन निकाल

शस्त्रांचा रकाना कंटाळवाणा वाटतो. त्याची गोडी लागावी म्हणून एक उदाहरण. रशियाची एस-४०० यंत्रणा तुर्कीनं घेतली आणि भारतानंही घेतली. रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी करणाऱ्यांवर निर्बंध घालायचा कायदा अमेरिकेनं २०१७ साली केलेला होता. तुर्की हा नाटो या लष्करी संघटनेचा सदस्य, म्हणजे अमेरिकेचा लेखी करारातला साथीदार. त्याला अमेरिकेनं २०१९ मध्ये एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून काढलं आणि डिसेंबर २०२० मध्ये निर्बंध लावले. भारताशी असा कुठलाही करार नाही, तरी भारतावर त्या कायद्याखाली निर्बंध आले नाहीत.

का? २०२० च्या तक्त्यात अमेरिका-चीन ओळ बघा. २०१८ पासून व्यापारयुद्ध. भारत-चीन ओळ बघा. १५ जून २०२० ला गलवान, आपले २० जवान शहीद. त्याच ऑक्टोबरात भारत आणि अमेरिकेनं नकाशे आणि उपग्रहांची माहिती देण्याघेण्याचा करार केला, नोव्हेंबरात मलबार नौदल सरावात ऑस्ट्रेलिया सामील झाला. चीनकडे बघून वॉशिंग्टननं भारताचा रशियाशी असलेला व्यवहार चालवून घेतला, असं मी यातून वाचते. आणि आणखी एक बघा. गलवाननंतर जयशंकर आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी भेटले ते सप्टेंबरात मॉस्कोत. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबद्दल तोडगा निघाल्यावर मोदी आणि शी भेटले ते रशियातल्या कझानमध्ये. दोन्ही वेळा यजमान रशिया. पाचव्या रकान्यात भेट कोणाच्या घरी झाली, तेही लिहावं ते यासाठी.

टॉवेल आणि तेल

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं. दुसरे २५ टक्के रशियाकडून तेल घेतल्याबद्दल. ज्यांच्या घरात टेरी टॉवेलच्या निर्यातीवर चूल पेटते अशी मुलं माझ्या अभ्यासिकेत आहेत. एकीनं विचारलं, "मॅडम, रशियाच्या तेलाचा आणि आमच्या टॉवेलचा काय संबंध?"

मी तिला तीन ओळी भरायला लावल्या. अमेरिका-रशिया: फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं युद्ध, मॉस्कोवर दाब आणायचा प्रयत्न. भारत-रशिया: स्वस्त तेलाची मोठी खरेदी. भारत-अमेरिका: व्यापाराची बोलणी अडलेली. पहिल्या ओळीतला दाब दुसरीवरून घसरून तिसरीवर आला आणि तिथून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत.

मग तिनंच पुढचा प्रश्न काढला, आणि तो जास्त चांगला होता. चीन तर रशियाकडून आपल्याहून जास्त तेल घेतो, मग त्याच्यावर या कारणासाठी कर का नाही? अमेरिका-चीन जोडीचा तिसरा रकाना भरला की उत्तर दिसू लागतं: दुर्मिळ खनिजं चीनच्या हातात आणि त्यावरून दोघांची बोलणी सुरू. त्याच ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी मोदी सात वर्षांनी चीनमध्ये होते, तिआनजिनला. एका आठवड्यात इतक्या ओळी खोडून नव्यानं लिहाव्या लागल्या, म्हणून तर शिसपेन्सिल.

संयुक्त निवेदन वाचताना

भेटीनंतर दोन्ही बाजू निवेदन काढतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती मिळतात, छापून घ्या. पहिल्या वाचनात त्यात आलेल्या देशांच्या नावांखाली रेघ मारा. दुसऱ्या वाचनात समासात न आलेली नावं लिहा. क्वाडच्या (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) निवेदनांत चीनचं नाव सहसा नसतं, पण समुद्रातल्या दांडगाईबद्दल परिच्छेद असतो. शांघाय सहकार्य संघटनेच्या जाहीरनाम्यांत चीनच्या बेल्ट अँड रोड या रस्ते-बंदरं बांधायच्या योजनेला पाठिंबा देणाऱ्या देशांची यादी येते आणि तीत भारत नसतो, कारण त्या योजनेचा एक रस्ता पाकव्याप्त काश्मीरमधून जातो. एकाच टेबलाशी बसूनही कोण कुठे थांबतं, ते या यादीत दिसतं.

एक बंदर धरा

तक्ता जमायला लागला की उलटा सराव करा. एक बंदर निवडा आणि तिथे कोण कोण येऊन गेलं ते लिहा. मी व्हिएतनाममधलं 'काम रान्ह' नावाचं बंदर देते. नकाशात दक्षिण चीन समुद्राच्या बाजूला, किनारा पूर्वेकडे सगळ्यात पुढे आलेला आहे तिथे शोधा. खोल आणि आडोशाचा उपसागर आहे. १९०५ मध्ये जपानविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईला निघालेलं रशियन आरमार तिथे थांबलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ते वापरलं. १९६० च्या दशकात अमेरिकेनं तिथे मोठा तळ बांधला. १९७९ मध्ये सोव्हिएत नौदल आलं. २००२ मध्ये रशियन निघून गेले. २०१६ मध्ये व्हिएतनामनं तिथे सगळ्या देशांच्या जहाजांसाठी बंदर खुलं केलं.

सोव्हिएत १९७९ मध्येच का आले? नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांचा व्हिएतनामशी करार झाला. १ जानेवारी १९७९ ला अमेरिका आणि चीन यांच्यात पूर्ण संबंध प्रस्थापित झाले. १७ फेब्रुवारीला चीननं व्हिएतनामवर हल्ला केला. आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी तेव्हा चीनमध्येच होते आणि दौरा आटोपता घेऊन परतले. सोव्हिएत सैन्य व्हिएतनामसाठी लढायला आलं नाही, पण बंदर मिळालं. व्हिएतनामनं यातून जे शिकायचं ते शिकलेलं दिसतं: सप्टेंबर २०२३ मध्ये हनोईत बायडन, डिसेंबरात शी, जून २०२४ मध्ये पुतिन.

पुढचा सराव तुमचा तुम्ही करा. वर्ष १९८९ घ्या. तीन नोंदी मी देते: डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला, मे १९८९ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह बीजिंगला, सप्टेंबर १९८९ मध्ये व्हिएतनामचं सैन्य कंबोडियातून बाहेर. बाकीच्या ओळी भरा आणि मग काम रान्ह रिकामं व्हायला सुरुवात कधी झाली असेल, ते तक्त्यावरून शोधा.